जुना डेस्कटॉप, विंडोज १० आणि १०२४ बाय ७६८ वर अडकलेली स्क्रीन

मधलीआळी

मशीनचा तपशील आधी देतो, म्हणजे विचारपूस कमी होईल. जी४१ चिपसेटचा बोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५००, डीडीआर३ रॅम ४ जीबी (२+२), वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर साडेअठरा इंची, मूळ रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, व्हीजीए केबलने जोडलेला. विंडोज ७ काढून ६४ बिट विंडोज १० (२२एच२) कोरी टाकली आहे.

तक्रारी तीन. एक, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही, अक्षरं फताडी दिसतात आणि व्हिडिओ अडखळतो. दोन, इंटेलचा विंडोज ७ चा ड्रायव्हर चालवला की सेटअप म्हणतो, 'धिस कॉम्प्युटर डझ नॉट मीट द मिनिमम रिक्वायरमेंट्स'. तीन, सकाळी पहिल्यांदा चालू केलं की पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच. बंद करून दोन-तीनदा चालू केलं की येते.

सुरुवात कुठून करू?

खटपट्या

या तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत असं आधीच धरून चालू नका. पहिल्या दोन ड्रायव्हरच्या दिसतात, तिसरीचा ड्रायव्हरशी काडीचा संबंध नाही. विंडोज सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर लोडच होत नाही, तर तो स्क्रीन काळी कशी करेल?

चार गोष्टी बघून सांगा:

१. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स' खाली काय नाव आहे? त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हेन' पुढचे चार आणि 'डेव्ह' पुढचे चार आकडे-अक्षरं इथे लिहा.
२. तिथेच 'मॉनिटर्स' खाली काय लिहिलंय?
३. व्हीजीए केबलचं मॉनिटरकडचं टोक काढून पिना मोजा.
४. सकाळी स्क्रीन काळी असेल तेव्हा कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का?

चौथी चाचणी फुकटची आहे आणि तिच्यावर बरंच काही ठरतं. दिवा बदलत असेल तर मशीन सुरू झालंय, फक्त चित्र पोचत नाहीये. बदलत नसेल तर मशीन सुरूच झालेलं नाही.

उंबरठा

एवढं कशाला? सगळे ड्रायव्हर एकत्र असलेलं पॅक मिळतं, पेन ड्राइव्हवर घ्या आणि 'इन्स्टॉल ऑल' दाबा. दहा मिनिटांत काम.

सोल्डरगन

दहा मिनिटांत काम आणि दहा दिवस निस्तरणं. असली पॅकं आणि 'तुमचे १७ ड्रायव्हर जुने आहेत' असं घाबरवणारी सॉफ्टवेअरं नव्या आवृत्तीच्या मागे धावतात. जुन्या चिपला हवा असतो तिचा शेवटचा ड्रायव्हर, बाजारातला सर्वांत नवा नव्हे. शिवाय चांगला चालणारा साउंड आणि लॅन ड्रायव्हर बदलून ठेवतात, वर ब्राउझरमध्ये दोन पाहुणे बसवून जातात. एका डिस्प्लेसाठी सगळं घर उकरू नका.

मधलीआळी

खटपट्या दादा, उत्तरं अशी:

१. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर'. व्हेन ८०८६, डेव्ह २ई३२.
२. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'.
३. वरच्या ओळीत ५ पिना, मधल्या ओळीत ४, खालच्या ओळीत फक्त २.
४. दिवा बदलत नाही. दाबून काहीच होत नाही.

खटपट्या

छान, आता अंधारात तीर मारायला नको.

८०८६ म्हणजे इंटेल आणि २ई३२ म्हणजे जी४१ मधलं आतलं ग्राफिक्स, जीएमए एक्स४५००. हाच आयडी २९सी२ निघाला असता तर ती जी३१ किंवा जी३३ झाली असती आणि पुढचं सगळं उत्तर बदललं असतं. खोक्यावरचं स्टिकर किंवा दुकानदाराचं बिल बघून ड्रायव्हर शोधू नका. आयडी खोटं बोलत नाही.

'बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' हा खरा ड्रायव्हर नाहीच. विंडोजला चिप ओळखता आली नाही, किंवा ओळखली पण ड्रायव्हर मिळाला नाही, की ती बायोसमधल्या (बोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) जुन्या व्हेसा पद्धतीने निव्वळ चित्र काढते. रिझोल्यूशन बायोस देईल तेवढंच, आणि खिडकी सरकवण्यापासून व्हिडिओपर्यंत सगळा भार प्रोसेसरवर. तुमची फताडी अक्षरं आणि अडखळणारा व्हिडिओ दोन्ही यातच आले.

आता सेटअप का नाकारतो ते. इंटेलच्या त्या पॅकेजमधली सेटअप फाइल आधी विंडोजची आवृत्ती तपासते. यादीत विंडोज १० नाही, म्हणून ती पुढे जातच नाही. तुमच्या मशीनमध्ये दोष आहे असा त्याचा अर्थ नाही. या पिढीसाठी विंडोज १० चा ड्रायव्हर इंटेलच्या पॅकेजातून नाही, मायक्रोसॉफ्टकडून येतो. आवृत्ती ८.१५.१०.२७०२, आणि नावात 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन, डब्ल्यूडीडीएम १.१' असं दिसतं.

असं करा:

आधी टास्कबारवरची तारीख आणि साल बरोबर आहे का बघा. हे हसण्यावारी नेऊ नका. बोर्डवरची बॅटरी गेली असेल तर तारीख मागे जाते, सुरक्षित साइटांची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि विंडोज अपडेट निव्वळ एररचा आकडा दाखवून थांबतं. लोक नेटला शिव्या देत बसतात.

मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, 'चेक फॉर अपडेट्स'. संपलं की तिथेच 'व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स' उघडा, त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' नावाचा कप्पा असतो. इंटेल डिस्प्लेची नोंद दिसली तर टिक करा. ड्रायव्हर बसताना स्क्रीन दोन-तीनदा काळी होते, तेव्हा बटण दाबू नका. नंतर रीस्टार्ट.

यादीत आलंच नाही तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर तोच हार्डवेअर आयडी शोधा. कॅब फाइल मिळते. ती एका फोल्डरमध्ये उलगडा. मग डिव्हाइस मॅनेजर, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क', आणि त्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल दाखवा. सेटअप फाइल लागतच नाही.

रातराणी

ड्रायव्हरचं खटपट्यांनी सांगितलं. पण खालच्या ओळीत दोनच पिना? मग ड्रायव्हर बसूनही १३६६ मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

केबलचं टोक तोंडासमोर धरा, रुंद बाजू वर. वरची ओळ डावीकडून १ ते ५, मधली ६ ते १०, खालची ११ ते १५. १, २, ३ म्हणजे लाल, हिरवा, निळा. १३ आणि १४ आडव्या-उभ्या सिंकच्या. तुमच्या त्या दोन बहुतेक याच, कारण त्यांच्याशिवाय चित्रच येणार नाही. गायब आहेत त्यांत महत्त्वाच्या १२ आणि १५. या दोन पिनांवरून मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक मॉडेल, माझं मूळ रिझोल्यूशन हे, मला एवढे हर्ट्झ चालतात. १२८ बाइटची छोटी माहिती असते, तिला ईडीआयडी म्हणतात. ती पोचली नाही की विंडोज मॉनिटरला 'नॉन-पीएनपी' म्हणते आणि अंदाजपंचे रिझोल्यूशनची यादी दाखवते.

एक खुलासा, कारण यावर लोक हमखास फसतात. मधल्या ओळीत ९ नंबरची पिन नसणं चालतं, कित्येक चांगल्या केबलींतही ती नसते. तुमच्या मधल्या ओळीत ४ आहेत ते त्यामुळेच. पिना मोजून '१४ च आहेत, केबल खराब' म्हणू नका. १२ आणि १५ आहेत का, एवढंच बघा.

पिना दिसल्या तरी आत तार तुटलेली असू शकते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. दुसऱ्या टोकालाही पिनाच असतात, तेव्हा १२ ला १२ आणि १५ ला १५ सरळ तपासता येतं. प्रोब जाड असेल तर त्याला टाचणी गुंडाळा. केबल तपासताना दोन्ही टोकं मशीनपासून सुटी असू द्या.

जाता जाता रंगांचं पण सांगते. चित्र पिवळट दिसलं तर निळा तुटला आहे, म्हणजे ३. जांभळट-गुलाबी दिसलं तर हिरवा, म्हणजे २. निळसर-हिरवट दिसलं तर लाल, म्हणजे १. केबल हलवून रंग येत-जात असेल तर ड्रायव्हरला हातही लावू नका.

चहाबिस्किट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मधलीआळी

साल बघितलं तर २००९! बरोबर केल्यावर विंडोज अपडेट चालू झालं. ऑप्शनलमध्ये इंटेलची नोंद होती, टिक केली. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'जी४१ एक्सप्रेस चिपसेट' आणि आवृत्ती ८.१५.१०.२७०२ दिसतेय. खिडक्या झटपट सरकतात.

पण रातराणी ताई म्हणाल्या तसंच झालं. यादीत १२८० बाय १०२४ आहे, १६०० बाय १२०० सुद्धा आहे, १३६६ नाही. १६०० लावलं तर मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणतो. १५ सेकंदांनी आपोआप परत आला म्हणून वाचलो.

रातराणी

ते १५ सेकंद देवासारखे. 'कीप चेंजेस' चुकून दाबलं गेलं तर असं करा: मशीन चालू होताना तीनदा मधेच बंद केलं की विंडोज दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ३ नंबर, म्हणजे लो रिझोल्यूशन. एलसीडीला ६० हर्ट्झच ठेवा. जुन्या काचेच्या मॉनिटरला ८५ लावायची सवय असलेले इथेही ७५ लावतात आणि 'आउट ऑफ रेंज' ओढवून घेतात.

केबल बदला, दुसरा उपाय शोधू नका. केबलच्या अंगावर छापलेलं असतं: ३+२ असेल तर रंगांच्या तीन आणि सिंकच्या दोनच तारा, ओळखीच्या तारा नाहीत. ३+६ किंवा वरची घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेत असाल तर पिशवीतून काढून पिना बघूनच पैसे द्या. आणि मॉनिटरसोबत आलेली मूळ केबल माळ्यावर असेल तर तीच सर्वांत बरी.

नवी केबल लावल्यावर एका गोष्टीसाठी तयार राहा. १३६६ ऐवजी १३६० बाय ७६८ दिसलं तर घाबरू नका. १३६६ ला ८ ने भाग जात नाही, १३६० ला जातो, आणि जुन्या पिढीच्या बऱ्याच ड्रायव्हरांना आठच्या पटीतलीच रुंदी झेपते. सहा ठिपक्यांचा फरक आहे, तो मॉनिटर ताणून भरतो. अक्षरं किंचित मऊ दिसतील. स्क्रीनभर मजकूर उघडा, एखादी भरगच्च वेबसाइट चालेल, आणि मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. काळ्या रिकाम्या पडद्यावर 'ऑटो' दाबलं तर मॉनिटरला कडा सापडत नाहीत आणि चित्र एका बाजूला सरकतं.

पाणवठा

धागा थोडा पळवतो, माफी. माझ्याकडे जी३१ आहे, आयडी २९सी२. विंडोज १० मध्ये अपडेटमधून काहीच येत नाही. वरचाच उपाय चालेल?

खटपट्या

नाही. म्हणून तर आयडी आधी मागितला. जी३१ मध्ये जीएमए ३१०० आहे, एक पिढी मागचं. इंटेलने तिचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ साठी काढला, ८.१५.१०.१९३०, आणि मायक्रोसॉफ्टकडून विंडोज १० साठी तिला काही मिळत नाही. तो १९३० 'हॅव डिस्क'ने बसवून बघता येतो, पण आधी रिस्टोर पॉइंट करा. बसला तरी त्यावर ऑफिसचं काम सोपवू नका, मोठं विंडोज अपडेट आलं की पुन्हा बेसिक ॲडॉप्टरवर आणून सोडतं.

जी३१ वाल्यांना माझा सल्ला दोनपैकी एक. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकसह चालवायचं असेल तर विंडोज ७ वरच ठेवा आणि नेटची केबल काढून ठेवा, कारण १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज ७ ला नेहमीची सुरक्षा अपडेटं नाहीत. नाहीतर एखादं जुनं कार्ड बसवा. त्याबद्दल सोल्डरगन सांगतील.

सोल्डरगन

कार्डाचं नंतर. आधी धागाकर्त्याची तिसरी तक्रार, ती तशीच लोंबकळतेय.

नम लॉकचा दिवा बदलत नाही, म्हणजे मशीन पोस्टपर्यंत (चालू होतानाची स्वतःची तपासणी) पोचत नाही. सकाळी थंड असताना नाही, दोन-तीन प्रयत्नांनी होतं. यात संशयित तीन: रॅमचे संपर्क, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), बोर्डवरचे कपॅसिटर. याच क्रमाने बघा, कारण खर्च याच क्रमाने वाढतो.

रॅम. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलेला चार्ज जातो. दोन्ही काड्या काढा. सोनेरी पट्ट्यांवर साधा पांढरा खोडरबर लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा. शाई खोडायचा खरबरीत रबर नको, तो मुलामा खरवडतो. रबराचा भुगा ब्रशने झाडा, स्लॉटमध्ये एक कणही पडू देऊ नका. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. मग एकच काडी लावून चालू करा, दुसरी वेगळी तपासा. कोकणात आणि मुंबईत पावसाळा संपला की 'डिस्प्ले येत नाही' म्हणून येणाऱ्या मशीनांत हा खोडरबरच अर्धी कामं करतो.

बोर्डला छोटा स्पीकर असेल तर बीप ऐका. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेची तक्रार, लांब बीप सतत वाजत राहिली तर रॅम. एएमआयमध्ये आठ छोट्या म्हणजे डिस्प्ले मेमरी. दोन्हींचं कोष्टक वेगळं असतं, म्हणून बायोस कुणाचा आहे ते आधी बघा.

एसएमपीएस. मशीन चालू असताना मोलेक्सच्या (चार पिनांच्या) मोकळ्या कनेक्टरवर मोजा. पिवळी-काळी १२ व्होल्ट, चालतं ११.४ ते १२.६. लाल-काळी ५ व्होल्ट, चालतं ४.७५ ते ५.२५. बोर्डच्या मोठ्या २४ पिन कनेक्टरमध्ये जांभळी तार ५ व्होल्ट स्टँडबाय आहे, मशीन बंद पण प्लग चालू असतानाही ती ५ च्या आसपास हवी. करडी तार 'पॉवर गुड', ती ५ व्होल्टवर आल्याशिवाय बोर्ड सुरू होत नाही. सकाळी थंड असताना मोजा, दुपारी सगळं ठीकच दिसेल. आतले कपॅसिटर वाळले की थंडीत ते चटकन भरत नाहीत, दोन-तीनदा चालू-बंद केलं की थोडे गरम होऊन काम करू लागतात. तुमचं लक्षण बरोबर हेच आहे.

एसएमपीएसचं झाकण उघडू नका. आत २३० व्होल्टचा एसी सरळ करून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठवलेला असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. ठीक चालणारा दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून सकाळची चाचणी घ्या, तेवढं पुरे.

बोर्ड. प्रोसेसरच्या भोवतीच्या उभ्या डब्यांचे माथे टॉर्चने बघा. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा वर तपकिरी खपली असेल तर तो गेला. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश आणि लो ईएसआर (आतला विरोध कमी असलेल्या) प्रकारचा. साध्या रेडिओचा कपॅसिटर तिथे महिनाभरही टिकत नाही. उणे बाजूची पट्टी बघून लावा, उलटा लागला तर फुटतो.

आणि ती बॅटरी बदला हो, सीआर२०३२, साल २००९ दाखवतंय म्हणजे ती मेलीच आहे. नव्या बॅटरीवर ३ व्होल्टच्या वर दिसतं, २.७ वर आलेली फेकायची. बदलल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, तेवढ्या बघून घ्या.

उंबरठा

मॉनिटरच खराब नसेल कशावरून?

सोल्डरगन

रास्त प्रश्न, पण इथे नम लॉकने तो निकाली काढला. तरी इतरांसाठी: दिवा बदलतोय, विंडोजचा आवाज येतोय आणि स्क्रीन काळी, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट खिडक्या दिसल्या तर बॅकलाइट किंवा त्याचा इन्व्हर्टर गेलाय. चित्र एक-दोन सेकंद दिसून विझत असेल तर नळीवाल्या जुन्या एलसीडीत हेच. टॉर्चमध्येही काही दिसलं नाही तर केबल, मग मॉनिटरचा बोर्ड.

घाटमाथा

कार्डाचं काय झालं? जीफोर्स २१० लावलंय, विंडोज १० मध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह आणि 'कोड ४३'. चार वेळा ड्रायव्हर टाकून झाला.

सोल्डरगन

कोणता टाकला हा प्रश्न आहे. २१० ही जुन्या टेस्ला पिढीची चिप. एनव्हिडियाचा तिच्यासाठीचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. त्यापुढचा कुठलाही चालणार नाही. जीटी ६१० आणि तिच्या फर्मी पिढीच्या भावंडांचा शेवटचा ३९१.३५, मार्च २०१८. जीटी ७१० त्यापुढच्या केप्लर पिढीची आहे, ४७४ मालिका घ्या. जीटी ७३० घेणाऱ्यांनी जपून: त्याच नावाने दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या. आयडी ०एफ०२ असेल तर फर्मी, ९६ कोअर, ३९१.३५ वर थांबा. १२८७ असेल तर केप्लर, ३८४ कोअर. खोका एकसारखाच. एएमडीकडे एचडी ५००० आणि ६००० मालिकेचा शेवटचा पक्का ड्रायव्हर कॅटलिस्ट १५.७.१.

आता कोड ४३. याची दोन कारणं आणि ती वेगळी करता येतात. मशीन चालू होताना बायोसच्या अक्षरांवरच रंगीत ठिपके किंवा उभ्या रेघा दिसतात का? दिसत असतील तर चिप किंवा मेमरी गेली, ड्रायव्हर शोधणं थांबवा. ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे व्हिडिओ बघू नका, ते चार दिवस चालतं आणि घरात विषारी धूर होतो.

बायोसची स्क्रीन स्वच्छ असेल तर जुन्या ड्रायव्हरांचा ढिगारा साफ करा:

३४२.०१ आणि डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर दोन्ही आधी उतरवून ठेवा. मग लॅन केबल काढा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात: साफसफाई करून रीस्टार्ट होताच विंडोज स्वतःहून भलताच ड्रायव्हर ओढते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्ज, ४ म्हणजे सेफ मोड. डीडीयूत एनव्हिडिया निवडा, 'क्लीन अँड रीस्टार्ट'. परत आल्यावर ड्रायव्हर चालवा, 'कस्टम' घ्या, 'परफॉर्म अ क्लीन इन्स्टॉलेशन' टिक करा, ग्राफिक्स ड्रायव्हर सोडून बाकी खुणा काढा. रीस्टार्ट. सगळं ठीक दिसलं की मगच नेट लावा.

विंडोजने पुन्हा बदललाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर', आणि सिस्टिम प्रॉपर्टीज, हार्डवेअर, 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' मध्ये 'नो'.

कार्ड लावताना आणखी एक: केबल कार्डालाच लावा. जी३१, जी४१ वर कार्ड बसलं की बोर्डचं व्हीजीए बहुधा आपोआप बंद होतं, आणि लोक जुन्याच सॉकेटला केबल ठेवून 'कार्ड मेलं' म्हणतात. कार्डवर नुसतं डीव्हीआय असेल तर चपट्या पात्याभोवती चार छिद्रं आहेत का बघा. असतील तर साधा व्हीजीए जोड चालतो. नसतील तर ते डीव्हीआय-डी, त्यातून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, साधा जोड फुकट.

घाटमाथा

बायोस स्क्रीन स्वच्छ आहे. सेफ मोडमध्ये साफ करून नेट काढून ३४२.०१ टाकला, कोड ४३ गेला. आभार. चारही वेळा नेट चालू ठेवलं होतं.

पेंग्विनपंथी

लिनक्सवाल्यांची हजेरी. जी३१ आणि जी४१ दोन्हींना कर्नलमधला आय९१५ ड्रायव्हर सांभाळतो, काही उतरवावं लागत नाही. पाणवठा, तुमच्या जी३१ साठी हलका डेस्कटॉप असलेली लिनक्स हा खरा उपाय आहे. एक्सएफसीई घ्या, ४ जीबीत ऐसपैस बसतं. २१० वाल्यांसाठी एनव्हिडियाचा ३४०.१०८ हा शेवटचा होता, तो नव्या कर्नलवर सरळ बसत नाही, नूव्हो हा खुला ड्रायव्हर वापरा. कार्डमुळे इन्स्टॉलर काळा पडला तर ग्रबच्या (सुरुवातीच्या बूट मेनूच्या) ओळीत शेवटी 'नोमोडसेट' जोडून सुरू करा, पण नंतर ते काढा, नाहीतर तिथेही १०२४ वर अडकाल. आणि ईडीआयडीवाली केबल लिनक्सलाही लागते, बरं का.

चहाबिस्किट

मग विंडोज ११ च टाकून बघू का या ई७५०० वर? जुगाडाने टाकता येतं म्हणतात.

खटपट्या

जुन्या आवृत्त्या जुगाडाने बसायच्या. २४एच२ पासून प्रोसेसरला पॉपसीएनटी ही सूचना असावीच लागते, कोअर २ मध्ये ती नाही, त्यामुळे मशीन बूटच होत नाही. प्रश्न मिटला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत. पुढचं पेंग्विनपंथी सांगतील, ते वाटच बघताहेत.

व्हिडिओबद्दल राहिलं होतं. जी४१ च्या ग्राफिक्सला एच.२६४ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पूर्ण उलगडता येत नाही, ड्रायव्हर बरोबर असला तरी ते काम प्रोसेसरच करतो. यूट्यूब त्याहून जड व्हीपी९ पाठवतं. एच.२६४ च मागवणारं एक्स्टेन्शन ब्राउझरला लावा आणि ७२० वर थांबा. १०८० चा हट्ट धरू नका.

मधलीआळी

नवी केबल आणली, ३+६ लिहिलेली, १२ आणि १५ बघून घेतल्या. मॉनिटर्सखाली आता 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' आलं आणि यादीत १३६० बाय ७६८. 'ऑटो' दाबल्यावर अक्षरं नीट.

बॅटरी बदलली. रॅम खोडरबरने साफ केली, दोन्ही काड्या वेगवेगळ्या तपासल्या, सकाळी तसंच. आज दुसरा एसएमपीएस लावला आणि पहिल्याच दाबाला सुरू झालं. जुन्यावर थंड असताना पिवळी तार ११.१ दाखवत होती, अर्ध्या तासाने ११.८.

सोल्डरगन

११.१ म्हणजे गेलाच. उद्या सकाळी एकदा आणि परवा सकाळी एकदा त्याच दुसऱ्या एसएमपीएसवर बघा, मग नवा घ्या. जुना कुणाला 'चालू आहे' म्हणून देऊ नका.